पद्मिनीचा सोलेक्स दुरुस्त करावा की दुसरा कार्बोरेटर बसवावा?

पसरणी | ११ मे, रात्री ९.४०

बाबांनी १९८४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. इंजिन मूळचे, १०८९ सीसीचे आहे. अंगावरची अक्षरे पाहता पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा कार्बोरेटरही मूळचाच, म्हणजे सोलेक्स ३२ पीबीआयसी असावा. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते आणि पुण्यातून शिरवळपर्यंत काहीही तक्रार करत नाही. खंबाटकीचा चढ लागला की मात्र रेस देताच क्षणभर गुदमरते आणि मगच पुढे सरकते. गेल्या रविवारी वाईत चहासाठी पंधरा मिनिटे थांबलो, तर त्यानंतर ती सुरूच होईना. बॉनेट उघडे ठेवून चाळीस मिनिटे वाट पाहिली, तेव्हा कुठे चालू झाली. सिग्नलला स्लो (रेस न देता इंजिन हळू चालू राहणे) टिकत नाही आणि सरासरी लिटरला दहा किलोमीटरच्या खाली आली आहे.

आमचे मेकॅनिक म्हणतात की सोलेक्सचे दिवस संपले, आता मारुती ८०० चा कार्बोरेटर बसवू. नाना पेठेतील एका दुकानदाराने सोलेक्ससारखाच दिसणारा, पण कोणत्याही कंपनीचे नाव नसलेला नवा कार्बोरेटर दाखवला. तिसरा मार्ग जुना उघडून दुरुस्त करण्याचा आहे. यांतील निवड कशाच्या आधारावर करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

घाटमाथा | ११ मे, रात्री १०.१५

मी नऊ वर्षांपूर्वी माझ्या पद्मिनीला मारुतीचा कार्बोरेटर बसवला आणि मला एकदाही पश्चात्ताप झालेला नाही. सुटे भाग सहज मिळतात आणि कोणत्याही गावातील मेकॅनिकला तो उघडता येतो. मधल्या अ‍ॅडॉप्टर प्लेटचा आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या जोडणीचा खटाटोप एकदाच करावा लागतो. शुद्धतेचा आग्रह धरणारे लोक आता येतीलच, तेव्हा आधीच सांगून ठेवतो की मला गाडी प्रदर्शनात ठेवायची नसून चालवायची आहे.

निवृत्त_मिस्त्री | १२ मे, सकाळी ७.०५

पसरणीताई, कोणता कार्बोरेटर बसवावा हा प्रश्न नंतरचा आहे. सध्याच्या कार्बोरेटरमध्ये दोष आहे हेच अजून सिद्ध झालेले नाही. कोल्हापुरात चौतीस वर्षे गॅरेज चालवताना कार्बोरेटर खराब म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी गाड्या ठिणगीच्या यंत्रणेतला कंडेन्सर बदलून परत गेल्या. तापल्यावर बंद पडणारी आणि निवल्यावर सुरू होणारी गाडी म्हणजे एक तर पेट्रोलचा दोष किंवा करंटचा दोष, कारण कॉइल आणि कंडेन्सर हेदेखील तापल्यावरच दगा देतात.

पुढच्या वेळी गाडी अडली की सेल्फ मारत बसू नका. आधी आजूबाजूला कोणी बिडी-सिगारेट ओढत नाही याची खात्री करून एअर फिल्टर काढा आणि इंजिन बंद असतानाच कार्बोरेटरच्या तोंडात पाहत राहा. मुख्य नळीतून पेट्रोल आपोआप टपकत असेल, तर मिश्रण अतिसमृद्ध होऊन (म्हणजे त्यात पेट्रोल फार जास्त होऊन) इंजिन बुडाले आहे. टपकत नसेल, तर हाताने थ्रॉटल (रेस देताना उघडणारी हवेची झडप) एकदा झटकन उघडा. अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या (रेस देताना जास्तीचे पेट्रोल उडवणाऱ्या कार्बोरेटरमधल्या पंपाच्या) बारीक नळीतून पेट्रोलची पिचकारी उडायला हवी. पिचकारी उडाली, तर फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्बोरेटरमधल्या छोट्या साठ्यात, पेट्रोल आहे आणि तुम्ही पॉइंट, कंडेन्सर, कॉइल यांच्याकडे वळावे. पिचकारीही नाही आणि टपकणेही नाही, अशा वेळी वाटी कोरडी समजा. मग पेट्रोल पंप, त्याचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा), टाकीपासून येणारी नळी किंवा नळीत झालेली वाफ यांचा विचार करावा लागेल. (अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्रामच फाटलेला असेल, तर वाटीत पेट्रोल असूनही पिचकारी उडत नाही, म्हणून घाईने निष्कर्ष काढू नका.)

दोन मिनिटे नुसते पाहायचे आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. मारुतीचा कार्बोरेटर आणायला त्यानंतरही दुकान उघडेच असेल.

चोकओढ्या | १२ मे, सकाळी ८.३०

पंधरा मिनिटांत वाईतला चहा संपतो, यावर माझा विश्वास बसत नाही. गाडीने तुम्हाला चाळीस मिनिटे थांबवले हे योग्यच झाले.

मीटरडाउन | १२ मे, सकाळी ११.२०

आमच्या घरात दोन पिढ्या मुंबईत काळी-पिवळी चालवली गेली, त्यामुळे या कार्बोरेटरशी आमचे नाते जुने आहे. मिस्त्रीकाकांच्या परीक्षेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. चढावर गाडी कोरडी पडली की वडील पेट्रोल पंपावर ओले फडके टाकत असत. पाण्याच्या बाष्पीभवनाने पंप थंड होतो, आतली वाफ पुन्हा द्रव होते आणि पाच-सात मिनिटांत गाडी निघते. हा उपाय खरा आहे, पण तो रस्त्यावरचा उपाय आहे.

ताईंनी भंगारातून जुना सोलेक्स घेण्याचा विचार केला, तर एक इशारा देतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा अन्यत्र मिळणारे पद्मिनीचे बहुतेक कार्बोरेटर टॅक्सीतून निघालेले असतात. टॅक्सी सीएनजीवर गेल्यानंतर कार्बोरेटरमधून पेट्रोल वर्षानुवर्षे जेमतेम वाहिले, त्यामुळे आतल्या वाटा वाळलेल्या पेट्रोलच्या राळेने बुजलेल्या असतात. त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी गॅसची नळी आत घेण्यासाठी कार्बोरेटरच्या अंगालाच भोक पाडलेले असते आणि विकताना ते लांबीने बुजवलेले असते. शिवाय सरासरी वाढवण्यासाठी मेन जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या मुख्य छिद्रात) तांब्याच्या तारेचा एखादा पदर अडकवण्याची पद्धत होती. वडिलांनीही ती वापरली होती, आणि नंतर जळालेल्या एक्झॉस्ट व्हाल्व्हचा खर्च पाहून सोडली.

लेस्टरकर | १२ मे, दुपारी ४.५०

माझ्याकडे इथे इंग्लंडमध्ये मॉरिस मायनर १००० आहे. तिचे इंजिन १०९८ सीसीचे, म्हणजे पद्मिनीच्या जवळजवळ तेवढेच, पण तिला सव्वा इंचाचा एक एसयू कार्बोरेटर असतो. एसयूमध्ये व्हेंच्युरीचा (हवेच्या वाटेतल्या अरुंद घशाचा) आकार ठरलेला नसतो. इंजिनाने जास्त हवा ओढली की आतला पिस्टन वर उचलला जातो आणि त्याला लावलेली निमुळती सुई जेटमधून तेवढ्याच प्रमाणात जास्त पेट्रोल सोडते. त्यामुळे वेगळा स्लो जेट नाही, अ‍ॅक्सिलरेटर पंप नाही. पिस्टनच्या दांडीतले पातळ तेल कमी झाले की मात्र रेस देताना गाडी तुमच्या वर्णनाप्रमाणेच गुदमरते. पद्मिनीला एसयू बसवण्याचा विचार कोणी केला आहे का?

निवृत्त_मिस्त्री | १२ मे, सायंकाळी ६.१०

लेस्टरकर, एसयू बसवलेली एक गाडी मी पाहिली आहे. एसयू आडवा बसतो आणि पद्मिनीचा मॅनिफोल्ड (मिश्रण सिलिंडरकडे नेणारी नळी) वरून खाली हवा घेणाऱ्या कार्बोरेटरसाठी आहे, त्यामुळे वेगळा मॅनिफोल्ड तयार करावा लागला. त्यानंतर योग्य सुई शोधण्यात मालकाचे दीड वर्ष गेले. गाडी उत्तम चालत होती, पण तोपर्यंत मालकांनी ती विकायला काढली होती.

अर्धा_मिलीमीटर | १२ मे, रात्री ११.३०

निवडीचा आधार काय, असे मूळ प्रश्नात विचारले आहे आणि त्याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही, म्हणून थोडा हिशेब मांडतो.

चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरते. पद्मिनीची कमाल ताकद मिनिटाला सुमारे ४८०० फेऱ्यांवर मिळते, म्हणजे मिनिटाला २४०० भरणी. १.०८९ लिटर गुणिले २४०० म्हणजे २६१४ लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर ऐंशी टक्क्यांच्या आसपास भरतो असे धरले, तर सेकंदाला सुमारे ३५ लिटर हवा झाली. ही हवा समजा २३ मिलीमीटरच्या व्हेंच्युरीतून गेली, तर तिचा वेग सेकंदाला ८४ मीटर होतो. २८ मिलीमीटरची व्हेंच्युरी बसवली, तर तोच वेग ५७ मीटरवर येतो आणि वरच्या फेऱ्यांवर इंजिन अधिक मोकळा श्वास घेते. मोठा कार्बोरेटर बसवण्याचा मोह इथूनच निर्माण होतो.

आता घाटात १५०० फेऱ्यांवर पूर्ण थ्रॉटल दिले आहे अशी कल्पना करा. हवा सेकंदाला ११ लिटरच उरते. जेटमधून पेट्रोल ओढणारा निर्वात हवेच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, आणि २८ च्या व्हेंच्युरीत तो २३ च्या तुलनेत निम्म्याहूनही कमी भरतो. पेट्रोल नीट उचलले जात नाही, त्याचे थेंब मोठे राहतात आणि गाडी गुदमरते. पद्मिनीचे आयुष्य बहुतांशी १५०० ते ३००० फेऱ्यांमध्ये जाते, त्यामुळे कारखान्याने निवडलेल्या मापापेक्षा मोठे काहीही बसवू नये, असे माझे मत आहे. व्हेंच्युरीवर तिचे माप मिलीमीटरमध्ये कोरलेले असते. जेटवरचा आकडा मिलीमीटरच्या शंभराव्या भागात असतो. १२५ म्हणजे सव्वा मिलीमीटर.

घाटमाथा यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगतो. मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे असले, तरी त्याची कमाल ताकद ५५०० फेऱ्यांवर आहे, म्हणून त्याची हवेची गरज पद्मिनीच्या सुमारे चौऱ्याऐंशी टक्के भरते. आकाराने तो कार्बोरेटर पद्मिनीला अगदीच विजोड नाही. जेट मात्र दुसऱ्या इंजिनासाठी निवडलेले आहेत आणि ते पुन्हा जुळवण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही.

रॅलीवेडा | १३ मे, सकाळी ९.००

एवढा हिशेब करण्यापेक्षा दोन वेबर ४० डीसीओई कार्बोरेटर बसवा. आवाज ऐकून सगळे दोष विसराल.

अर्धा_मिलीमीटर | १३ मे, सकाळी ९.२५

प्रत्येक सिलिंडरला ४० मिलीमीटरचा स्वतंत्र घसा! त्या किमतीत पेट्रोलचा टँकरही सोबत घ्यावा लागेल.

मांडवीकाठ | १३ मे, दुपारी १२.४०

एका मुद्द्याचा कोणीच उल्लेख केलेला नाही, तो म्हणजे ई-२०, वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. माझ्या गोव्यातल्या फियाट ११०० ला हा त्रास आत्ता दोन वर्षांत सुरू झाला. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, तर इथेनॉलला ९ पट. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब केला तर सुमारे साडेतेरा येतो. कार्बोरेटरला पेट्रोलमध्ये काय मिसळले आहे हे कळण्याचा मार्ग नाही. तो जुन्याच मापाने पेट्रोल सोडतो आणि मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. शिवाय इथेनॉल ७८ अंशांना उकळते आणि पेट्रोलमध्ये मिसळल्यावर ७०-७५ अंशांच्या आतच उडून जाणारा भाग वाढतो, त्यामुळे गरम इंजिनावर वाफ होण्याचा त्रास बळावतो. जुने रबर फुगते किंवा कडक होते, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर ओढून घेतलेल्या पाण्यामुळे कार्बोरेटरच्या जस्ताच्या अंगावर पांढरी बुरशी धरते. तेव्हा दोष कार्बोरेटरचा नसून पेट्रोलचा आहे.

घाटमाथा | १३ मे, दुपारी १.१०

आजकाल पंक्चर झाले तरी ई-२० चे नाव घेण्याची पद्धत पडली आहे. ताईंची सरासरी दहाच्या खाली गेली आहे. ई-२० मुळे सहा-सात टक्के घट होईल, एवढी नव्हे. पेट्रोल कुठेतरी वाया जात आहे.

निवृत्त_मिस्त्री | १३ मे, दुपारी ३.००

या वेळी घाटमाथा यांचे बरोबर आहे. पातळ मिश्रणाने गाडी गुदमरते हे खरे, पण सरासरी इतकी घसरली म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. ताई, प्लग काढून त्यांचा रंग पाहिलात का? आणि आणखी एक गोष्ट पाहा. सोलेक्सला चोकची झडप नसते. थंड इंजिनासाठी वेगळी स्टार्टर चकती असते. तिची केबल घट्ट झाली, तर दांडा पूर्ण मागे गेल्यासारखा वाटतो, पण चकती थोडी उघडीच राहते आणि जास्तीचे पेट्रोल दिवसभर जात राहते. याच स्टार्टरमुळे थंड गाडी सुरू करताना अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा नसतो, कारण थ्रॉटल उघडताच स्टार्टरवरचा निर्वात नाहीसा होतो. हे न कळल्यामुळे कित्येकांनी सकाळी सकाळी बॅटऱ्या उतरवल्या आहेत.

दुपारची_झोप | १३ मे, दुपारी ३.४५

महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा बारा टक्क्यांनी विरळ असल्याने कार्बोरेटरचे मिश्रण सहा-सात टक्क्यांनी समृद्ध होते. मांडवीकाठ म्हणतात की ई-२० ने ते आठ टक्क्यांनी पातळ होते. म्हणजे ताईंनी गाडीसह महाबळेश्वरला स्थायिक व्हावे, हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

पसरणी | १८ मे, रात्री ८.२०

सर्वांचे मनापासून आभार. काल मुद्दाम वाईपर्यंत गेले आणि गाडी अडल्यावर मिस्त्रीकाकांनी सांगितल्याप्रमाणे पाहिले. इंजिन बंद असताना मुख्य नळीतून पेट्रोल टपकत होते, आणि पाच मिनिटांनीही थांबले नव्हते. थ्रॉटल उघडल्यावर पिचकारी उडाली, पण ती दुबळी होती आणि उशिरा आली. चारही प्लग काजळीने काळे आहेत. पॉइंटचा गॅप मेकॅनिकने पुन्हा लावला आणि कंडेन्सर नवा बसवला, तरी फरक नाही. स्टार्टरची केबल मोकळी आहे. गाडी पुन्हा सुरू करताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारला, तेव्हा आठ-दहा सेकंदांत धूर सोडत सुरू झाली. चाळीस मिनिटे वाट पाहावी लागली नाही.

निवृत्त_मिस्त्री | १८ मे, रात्री ९.००

आता बोलता येईल. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की भरपूर हवा आत जाते आणि बुडालेले इंजिन कोरडे होते. मात्र तो एकदाच दाबून धरायचा, पंप मारल्यासारखा वरखाली करायचा नाही.

टपकण्याची कारणे तीन असू शकतात. पहिले कारण म्हणजे वाटीत येणारे पेट्रोल बंद करणारा नीडल व्हाल्व्ह नीट बसत नाही. दुसरे, पेट्रोलवर तरंगून नीडल बंद करणाऱ्या पितळी फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरले आहे. फ्लोट कानाजवळ हलवून पाहा, किंवा गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे आले तर तो फुटका आहे. तिसरे कारण उष्णतेचे. इंजिन बंद झाल्यावर मॅनिफोल्डची सगळी उष्णता वर चढते, वाटीतले पेट्रोल उकळते आणि नळीतले पेट्रोल प्रसरण पावून नीडलला ढकलते. हे रोखण्यासाठी कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बेकेलाइटचा (उष्णता अडवणाऱ्या कडक प्लॅस्टिकचा) जाड तुकडा असायला हवा. पुष्कळ ठिकाणी तो तुटल्यावर नुसता कागदी गॅस्केट लावून वेळ मारून नेलेली असते. आधी तो आहे का ते पाहा.

दुबळी पिचकारी म्हणजे पंपाचा डायफ्राम कडक झाला आहे, आणि तुमची गाडी रेस देताना का गुदमरते याचे उत्तर बहुधा तिथेच आहे. स्लोसाठी थ्रॉटलचा स्पिंडल (झडपेचा दांडा) बोटांनी हलवून पाहा. तो खडखडत असेल, तर फटीतून हवा आत जाते आणि स्लोचा स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिन स्थिर होत नाही. स्लोवर इंजिन चालू ठेवून स्पिंडलच्या टोकाला थोडे तेल लावा. आवाज क्षणभर बदलला की गळती पक्की.

मीटरडाउन | १८ मे, रात्री ९.३०

कार्बोरेटर उघडाल तेव्हा जेटमध्ये तार किंवा टाचणी कधीही घालू नका, हवा मारा. आणि वरच्या झाकणाचे तोंड सपाट आहे का ते काचेवर ठेवून पाहा. स्क्रू आवळून आवळून ते वाकलेले असते आणि मग कितीही गॅस्केट लावली तरी पेट्रोल बाहेर पाझरते.

घाटमाथा | १८ मे, रात्री १०.०५

स्पिंडलला बुश (दांड्याभोवतीचे कडे), नीडल, डायफ्राम, बेकेलाइट, झाकण घासणे. या यादीतच माझे म्हणणे सिद्ध झाले आहे.

मांडवीकाठ | १९ मे, सकाळी ८.१५

बेकेलाइटचा तुकडा नसेल, तर मारुतीचा कार्बोरेटरही त्याच उष्णतेवर बसेल आणि त्यातलेही पेट्रोल उकळेल. आणि बिनकंपनीच्या नव्या कार्बोरेटरबद्दल माझा अनुभव असा की त्याचे दोन जेट एकाच आकड्याचे असूनही पेट्रोल वेगवेगळे सोडत होते. चाळीस वर्षे जुने का होईना, मूळचे अंग शाबूत असेल तर त्याला बुश मारणे मला अधिक सुरक्षित वाटते.

पसरणी | ९ जून, सायंकाळी ७.३०

उशिराबद्दल क्षमस्व. कार्बोरेटर उघडला. फ्लोट चांगला निघाला. नीडलच्या टोकाला बोटाला जाणवेल इतकी खाच पडली होती. बेकेलाइटचा तुकडा नव्हताच. त्याच्या जागी दोन कागदी गॅस्केट एकावर एक लावलेले होते. पंपाचा डायफ्राम वाळलेल्या पापडासारखा झाला होता. स्पिंडलला लेथवाल्यांकडून पितळी बुश बसवून घेतले, झाकण काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासले आणि पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या रबराच्या घेतल्या. बेकेलाइटचा तुकडा कुठेच मिळाला नाही, म्हणून जुन्या स्विचबोर्डाच्या जाड शीटमधून कापून घेतला. मजुरीसह सगळा खर्च त्या बिनकंपनीच्या कार्बोरेटरच्या किमतीच्या निम्माही झाला नाही.

त्यानंतर तीनदा पाचगणीला जाऊन आले. वाईत अर्धा तास थांबूनही गाडी लगेच सुरू होते, आणि सरासरी चौदावर आली आहे. मात्र आता प्लग उलट फार पांढुरके दिसतात आणि पसरणी घाटात तिसऱ्या गिअरमध्ये किंचित ओढ कमी वाटते. माझ्या कार्बोरेटरमधील मेन जेटवर १२५ हा आकडा आहे.

अर्धा_मिलीमीटर | ९ जून, रात्री ८.४५

आता मांडवीकाठ यांचा ई-२० चा मुद्दा विचारात घेण्याची वेळ आली. गळती होती तोवर ती पातळ मिश्रणावर पांघरूण घालत होती. १२५ च्या जागी १३० बसवला, तर व्यास चार टक्क्यांनी आणि छेदाचे क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी वाढते, म्हणजे जवळजवळ नेमके हवे तेवढेच. एका वेळी एकच बदल करा. पन्नास किलोमीटर चालवा, चढावर पूर्ण थ्रॉटल असतानाच इंजिन बंद करून रस्त्याच्या कडेला थांबा आणि प्लग पाहा. खाकीकडे झुकणारा तपकिरी रंग हवा. स्लोचे मिश्रण पीयूसी केंद्रावर यंत्राच्या नळीकडे पाहत जुळवून घ्या. तुमच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, दीड-दोनच्या आसपास ठेवले तर स्लो स्थिर राहतो.

पसरणी | १६ जून, सकाळी १०.१०

१३० चा जेट बसवला. प्लग तपकिरी आहेत, सरासरी साडेतेरा आहे आणि घाटातली ओढ परत आली. आमच्या मेकॅनिकना हे सगळे दाखवले, तेव्हा त्यांनी कौतुकाने मान डोलावली आणि मारुतीचा कार्बोरेटर अजूनही स्वस्तात मिळेल असे सांगितले.

चोकओढ्या | १६ जून, सकाळी १०.३०

नीडलखालचा वायसर किती जाडीचा ठेवलात, ताई? माझ्या गाडीत एकावर एक दोन निघाले आहेत.

पसरणी | १६ जून, सकाळी ११.०५

माझ्या गाडीत एकच होता, १ मिलीमीटरचा, आणि तोच ठेवला. जाड वायसर लावला तर नीडल खाली येते, फ्लोट तिला लवकर बंद करतो आणि वाटीतली पातळी उतरते. पातळ लावला तर पातळी चढते. तुमच्याकडे दोन आहेत म्हणजे आधी कोणीतरी टपकणे थांबवण्यासाठी दुसरा घातला असावा. तेव्हा आधी नीडल पाहा.